जुन्या फोटोतली वर्दीतली बाई कोणत्या तुकडीतली? बिल्ले वाचायचे कसे

पुण्याच्या जुन्या बाजारात, पितळी कुलपं आणि बंद पडलेल्या घड्याळांच्या ढिगात मला पोस्टकार्डाएवढा एक फोटो मिळाला. वर्दीतली एक गोरी तरुणी, मागे स्टुडिओतला रंगवलेला पडदा. "ब्रिटिश नर्स आहे, साहेब," विकणारा म्हणाला. मीही मान डोलावली आणि घरी येऊन फोटोच्या पाकिटावर पेन्सिलीनं तसंच लिहून ठेवलं. ती नर्स नव्हती आणि ब्रिटिशही नव्हती. हे कळायला मला दोन वर्षं लागली, कारण मी चेहरा पाहत होतो, कॉलर नाही. तुमच्याकडे असा फोटो असेल तर तो वाचायला एक संध्याकाळ पुरते.

दुसऱ्या महायुद्धातल्या बायकांच्या वर्दीवर बहुतेक वेळा दोन ओळखी असतात. पहिली तिच्या दलाची, म्हणजे बायकांसाठी स्वतंत्र काढलेल्या संघटनेची. दुसरी, त्या दलानं तिला जिथे कामाला धाडलं त्या तुकडीची किंवा मुख्यालयाची. मी यांना माहेरची खूण आणि सासरची खूण म्हणतो. माहेरची खूण टोपीवर आणि गळ्याशी असते, सासरची दंडावर किंवा छातीवर. सगळा घोळ होतो तो सासरची खूण बघून माहेर ठरवल्यामुळे. म्हणून क्रम ठरलेला ठेवा: टोपी, गळा, दंड, छाती आणि शेवटी बाहीचा खालचा भाग.

आधी फोटो नीट घ्या

मोबाईलनं वरून काढलेला फोटो चालत नाही. सपाट स्कॅनरवर १२०० डीपीआयला, रंगीत मोडमध्ये स्कॅन करा, फोटो काळापांढरा असला तरी. मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, शाईतला एखादा शब्द, कागदाच्या कंपनीचं नाव हे सगळं पुढे कामाला येतं. स्कॅनरचं "आपोआप सुधारा" बंद ठेवा. ते चेहरा उजळवतं आणि कॉलरवरची चकती पुसून टाकतं. मोबाईलवरची, एआयनं फोटो "स्पष्ट" करून देणारी ॲप्स तर या कामात हात लावायची नाहीत. ती न दिसणारा बिल्ला स्वतःच्या मनानं रंगवून देतात.

मग फोटो उलटा छापलेला नाही ना, ते बघा. जुन्या निगेटिव्ह चुकून पालथ्या छापल्या जात. सोपी चाचणी अशी: कुठे रोमन अक्षरं दिसतात का आणि ती सरळ वाचता येतात का? अक्षरं नसतील तर पदकांच्या फिती बघा. त्या घालणाऱ्या व्यक्तीच्या डाव्या छातीवर हव्यात.

रंगांबद्दल सावध राहा. स्टुडिओत तेव्हा काही ठिकाणी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म वापरात होती. तिच्यावर लाल रंग जवळजवळ काळा येतो आणि निळा फिकट येतो. म्हणजे डोळ्यांना "काळा तारा पांढऱ्यावर" दिसला तर तो लाल असू शकतो. आकारावर भरवसा ठेवा, छटेवर नको.

आणखी एक. वर्तमानपत्रांसाठीच्या फोटोंत सेन्सॉरवाले दंडावरची खूण खरडून किंवा रंगवून टाकत. दंडावर विचित्र सपाट धब्बा दिसला, तर तिथे बिल्ला होता आणि तो कुणीतरी मुद्दाम लपवला, असं समजायचं.

टोपी आणि गळा: माहेर शोधा

अमेरिकेपासून सुरुवात करू, कारण तिथली खूण सगळ्यात सोपी आहे. १५ मे १९४२ रोजी रूझवेल्टनी कायद्यावर सही केली आणि विमेन्स आर्मी ऑक्झिलरी कोअर म्हणजे वॅक उभी राहिली. पुढच्या वर्षी नावातला "ऑक्झिलरी" गेला आणि ती सैन्याचा रीतसर भाग झाली. तिच्या गळ्याची खूण म्हणजे पॅलस अथीना: शिरस्त्राण घातलेलं, बाजूनं दिसणारं ग्रीक देवतेचं मस्तक. अधिकारी असेल तर नुसतं मस्तक कापून काढलेलं, सोनेरी धातूचं. शिपाई किंवा सार्जंट असेल तर तेच मस्तक गोल पितळी चकतीवर, आणि ते तिच्या डाव्या कॉलरला. उजव्या कॉलरला यू.एस. अक्षरांची चकती. हीच अक्षरं उलटा फोटो पकडायला उपयोगी पडतात. अथीना दिसली की माहेर पक्कं. न दिसली म्हणून मात्र "वॅक नाही" असा निकाल लगेच देऊ नका. फोटोत चकतीवर प्रकाश पडला की मस्तक वितळून जातं आणि उरतो नुसता पांढरा ठिपका.

सुरुवातीच्या काळातली बाई असेल तर टोपी बघा. पहिल्या संचालिका ओव्हेटा कल्प हॉबी यांच्यावरून "हॉबी हॅट" म्हणत ती ताठ, कडक झडपेची, फ्रेंच शिपायासारखी टोपी. तिच्यावर १९४२-४३ मध्ये सैन्याचा नेहमीचा नक्षीदार गरुड नव्हता. या दलाला वेगळा, साधासा गरुड दिला होता, आणि बायका त्याला वैतागून "बझर्ड" म्हणजे गिधाड म्हणत. सैन्याचा खरा गरुड मिळाला तो दल सैन्यात सामील झाल्यावर. त्यामुळे टोपीवर "गिधाड" दिसलं तर फोटो बहुधा सुरुवातीचा. बहुधा म्हणतो, कारण जुनी टोपी कुणी लगेच फेकून देत नाही.

आता नर्स. अमेरिकन आर्मी नर्स कोअर हे वेगळं, जुनं दल. त्यांच्या लॅपलवर, म्हणजे कोटाच्या दुमडलेल्या कॉलरवर, दोन साप गुंडाळलेली पंखांची काठी असते आणि तिच्यावर एन हे अक्षर. काठी आणि एन नसेल तर "नर्स" म्हणू नका. माझ्या विकणाऱ्यासारखंच सगळे म्हणतात: वर्दीतली बाई म्हणजे नर्स. नौदलाच्या वेव्हज दलाच्या लॅपलवर प्रॉपेलरवर (फिरत्या पंख्यावर) बसवलेला नांगर असतो. मरीन बायकांना पुरुषांचंच गरुड, पृथ्वीचा गोल आणि नांगर हे चिन्ह होतं. विमानं चालवणाऱ्या वास्प बायका मात्र कागदोपत्री नागरिक होत्या. १,०७४ जणींनी प्रशिक्षण पुरं केलं, ३८ मरण पावल्या, आणि लष्करी दर्जा मिळाला तो थेट १९७७ साली. त्यांच्या जॅकेटवर फिफिनेला नावाची पंखवाली खट्याळ परी दिसते, डिझ्नीच्या कलाकारांनी काढलेली.

ब्रिटिश बायकांच्या सैन्यातल्या दलाचं नाव ऑक्झिलरी टेरिटोरियल सर्व्हिस, स्थापना ९ सप्टेंबर १९३८. टोपीवर लॉरेलच्या पानांचं कडं, आत ए, टी, एस ही अक्षरं, वर मुकुट. महायुद्धात पितळ वाचवण्यासाठी प्लास्टिकचेही बिल्ले निघाले. फोटोत ते मंद, चमक नसलेले दिसतात.

या मुकुटाची एक हुकमी चाचणी आहे. राजाच्या मुकुटाच्या कमानी वर गोल घुमटासारख्या असतात. राणी एलिझाबेथच्या काळच्या मुकुटात कमानी मधे खाली दबलेल्या असतात. एलिझाबेथ गादीवर आल्या १९५२ मध्ये, आणि एटीएस तर १९४९ मध्येच बंद होऊन तिच्या जागी नवं दल आलं. म्हणजे दबलेल्या मुकुटाचा एटीएसचा बिल्ला असूच शकत नाही. कुणी तुम्हाला "महायुद्धातला अस्सल" म्हणून तसा बिल्ला विकत असेल तर चहा प्या आणि निघा. (खुद्द एलिझाबेथ १९४५ मध्ये राजकन्या असताना याच दलात ड्रायव्हर-मेकॅनिक म्हणून दाखल झाल्या होत्या. त्यांच्या टोपीवरही अर्थात वडिलांचाच मुकुट.)

हवाई दलाची वाफ, म्हणजे विमेन्स ऑक्झिलरी एअर फोर्स. साध्या शिपाई बायकांच्या बाहीच्या वरच्या टोकाला कापडी गरुड असतो, पुरुषांसारखाच. फरक इतकाच की त्याखाली एक छोटासा ए असतो, ऑक्झिलरीचा. भिंगाशिवाय तो सुटतो. रेन्स, म्हणजे नौदलातल्या बायका, ओळखायला सोप्या: अधिकाऱ्यांच्या मनगटावरच्या पट्ट्या सोनेरीऐवजी फिकट निळ्या आणि वरच्या पट्टीला पुरुषांच्या गोल वळणाऐवजी चौकोनी शंकरपाळं. टोपीच्या फितीवर युद्धकाळात जहाजाचं नाव नसायचं, नुसतं एच.एम.एस. त्यामुळे "कोणतं जहाज?" हा प्रश्न त्या फितीला विचारून उपयोग नाही.

दंड आणि छाती: सासर कुठलं?

आता खरी गंमत. अमेरिकन पद्धतीत डाव्या दंडावरचा कापडी बिल्ला सध्याची मोठी नेमणूक सांगतो. उजव्या दंडावर बिल्ला असेल तर तो आधीच्या युद्धकाळातल्या नेमणुकीचा, आणि ही सवलत १९४५ मध्ये आली. म्हणजे उजवा बिल्ला दिसला की फोटोची तारीख आपोआप पुढे सरकते.

वॅक बायकांच्या दंडावर वारंवार दिसणाऱ्या खुणा फार नाहीत. पांढऱ्यावर निळा पंचकोनी तारा आणि भोवती आतून कंगोरेदार लाल कड, म्हणजे आर्मी सर्व्हिस फोर्सेस, रसद आणि कारभाराचं प्रचंड खातं. काळ्या ढालीवर ज्वाळांची तलवार आणि वर इंद्रधनुष्य, म्हणजे युरोपात आयझेनहॉवरचं मुख्यालय. निळ्या वर्तुळात पंखवाला पांढरा तारा, ताऱ्याच्या मधे लाल ठिपका, म्हणजे सैन्याचं हवाई दल. या ठिपक्यावरून लोक फसतात. विमानांवरच्या ताऱ्यातला लाल ठिपका १९४२ मध्ये काढून टाकला, कारण तो जपानी सूर्यासारखा दिसायचा. दंडावरच्या बिल्ल्यात मात्र तो शेवटपर्यंत राहिला. तेव्हा "ठिपका आहे, म्हणजे फोटो ४२ च्या आधीचा" हा हिशेब विमानाला लागू, बाईला नाही.

ब्रिटनमध्ये सासरची खूण छातीवर सरकते. विमानविरोधी तोफांच्या मिश्र बॅटऱ्यांत, म्हणजे स्त्री-पुरुष एकत्र असलेल्या तुकड्यांत, एटीएसच्या हजारो बायका होत्या. विमानाची उंची मोजणं, गणकयंत्रावर निशाण्याचा हिशेब करणं हे त्यांचं काम. तोफ डागायची परवानगी मात्र त्यांना नव्हती. पण त्यांच्या डाव्या खिशाच्या वर तोफखान्याचा पेटलेला ग्रेनेड झळकायचा, खाली "युबिक्वी", म्हणजे "सर्वत्र", हे तोफखान्याचं बोधवाक्य. टोपीवर एटीएस, छातीवर तोफखाना: एका बाईच्या अंगावर माहेर-सासर इतकं स्पष्ट क्वचितच दिसतं. सिग्नल्सकडे काम करणारीच्या त्याच जागी सिग्नल्सचा पंखवाला धावता दूत, ज्याला शिपाई "जिमी" म्हणत. आणि दंडावर लाल चौकोनात काळं धनुष्यबाण असेल तर ती अँटी-एअरक्राफ्ट कमांड. हे तीन दागिने एका फोटोत सापडले तर तुमचं काम जवळजवळ झालं.

उलट साध्या साडीवर किंवा फ्रॉकवर एखाद्या रेजिमेंटचा चिमुकला बिल्ला दिसला, तर ती बाई सैनिक असेलच असं नाही. नवऱ्याच्या, भावाच्या किंवा वाग्दत्ताच्या पलटणीचा बिल्ला ब्रूच म्हणून लावायची तेव्हा फॅशनच होती. सराफही असे ब्रूच घडवत, कधी मोती लावून. आपल्याकडे मंगळसूत्र जे काम करतं, तेच जवळपास.

बाहीच्या खाली: किती दिवस, कोणता हुद्दा

हुद्द्याच्या व्ही आकाराच्या पट्ट्यांवरून देश पटकन ठरतो. अमेरिकन टोक वर, ब्रिटिश टोक खाली. अमेरिकन पट्ट्यांखाली टी दिसला तर ती तांत्रिक कामातली. तीन पट्ट्या आणि टी म्हणजे टेक्निशियन फोर्थ ग्रेड.

अमेरिकन बाईच्या डाव्या मनगटाजवळच्या आडव्या छोट्या सोनेरी पट्ट्या म्हणजे परदेशातली सेवा, दर पट्टी सहा महिने. त्या मोजा. ब्रिटिश बाईच्या उजव्या मनगटाजवळ टोक वर असलेल्या बारीक लाल पट्ट्या असतील तर प्रत्येकी एक वर्ष सेवा. ही पद्धत १९४४ च्या फेब्रुवारीत सुरू झाली, म्हणजे त्या दिसल्या की फोटो त्यानंतरचाच. अमेरिकन बाईच्या उजव्या खिशावर शंकरपाळ्याच्या आकाराच्या कापडात वर्तुळातला गरुड शिवला असेल, तर ती सैन्यातून सन्मानानं मोकळी झालेली. शिपायांनी त्या गरुडाला "फुटलेलं बदक" असं नाव दिलं होतं. बझर्ड काय, बदक काय, सरकारी गरुडाला कुणीच गरुड म्हणत नव्हतं.

सोव्हिएत बायकांच्या बाबतीत माहेर शोधू नका

तिथे स्वतंत्र महिला दलाची खूण नव्हतीच. बायका पुरुषांचीच चिन्हं लावत. पण तारीख काढायला हे फोटो सोपे: १९४३ च्या सुरुवातीपर्यंत हुद्दा कॉलरच्या पट्ट्यांवर, नंतर खांद्यावरच्या पोगोनी पट्ट्यांवर. रात्री लाकूड-कापडाच्या पीओ-२ विमानांतून बॉम्ब टाकणारी पूर्ण बायकांची पलटण १९४३ च्या फेब्रुवारीत ४६वी गार्ड्स (पराक्रमाबद्दल मिळणारा मानाचा किताब) झाली. गार्ड्सचा लाल झेंड्याचा बिल्ला मे महिन्यात निघाला आणि तो उजव्या छातीवर लावत. म्हणजे कॉलरवर हुद्दा आणि छातीवर गार्ड्सचा बिल्ला अशी जोडी दिसली तर पुन्हा एकदा नीट बघा.

हिंदुस्थानात काढलेले फोटो

इथे जास्त सावधपणा लागतो, कारण एकाच शहरात चार देशांच्या बायका वर्दीत फिरत होत्या.

आपल्याकडचं दल म्हणजे विमेन्स ऑक्झिलरी कोअर (इंडिया), १९४२ मध्ये स्थापन झालेलं. ब्रिटिश, अँग्लो-इंडियन आणि हिंदी बायका त्यात होत्या. हिंदी बायकांना खाकी साडी नेसायची मुभा होती. त्यामुळे आजीच्या फोटोत खाकी साडी आणि खाकी ब्लाउज दिसला तर ती "घरगुती" समजून बाजूला ठेवू नका, खांद्याजवळ धातूची अक्षरं आहेत का ते भिंगानं पाहा. याच दलाच्या नौदल शाखेला विमेन्स रॉयल इंडियन नेव्हल सर्व्हिस म्हणत. तिच्यातल्या सेकंड ऑफिसर कल्याणी सेन १९४५ मध्ये ब्रिटनला गेल्या. त्यांचा स्कॉटलंडमधल्या रोसाइथचा साडीतला फोटो शोधून समोर ठेवा आणि घरातल्या फोटोशी ताडून बघा. मुंबई हा तेव्हाच्या हिंदी नौदलाचा मोठा तळ, त्यामुळे मुंबईतल्या जुन्या अल्बमांत अशी साडी सापडण्याची शक्यता बरीच.

ब्रह्मदेशच्या आघाडीवर फिरतं कँटीन चालवणाऱ्या बायकांना "वॉस्बी" म्हणत. त्यांचं चिन्ह चिंथे, म्हणजे ब्रह्मी देवळांच्या दाराशी बसलेला दंतकथेतला सिंह. ब्रह्मदेशात जपान्यांच्या पिछाडीला घुसून लढणाऱ्या चिंडिट सैनिकांचं चिन्हही चिंथेच. चिंथे दिसला म्हणून बाईला चिंडिट करू नका.

आणि राणी झाशी रेजिमेंट. कॅप्टन लक्ष्मी स्वामिनाथन यांच्या हाताखाली सिंगापूरला ऑक्टोबर १९४३ मध्ये तिची छावणी सुरू झाली. बाजारात आणि इंटरनेटवर या नावाखाली तिरंग्यावर झेप घेणारा वाघ आणि वर जर्मन अक्षरं असलेला बिल्ला सर्रास खपतो. ती जर्मन अक्षरं "फ्रायेस इंडियेन" आहेत आणि तो बिल्ला जर्मनीतल्या हिंदी सैनिकांच्या लिजनचा. सिंगापूरच्या या बायकांशी त्याचा संबंध नाही.

आता जुन्या बाजारातला तो पन्नास रुपयांचा फोटो

डोक्यावर होडीसारखी घडीची टोपी, तिच्यावरून काही कळत नाही. कॉलर: फोटोच्या डावीकडे चकती, तीत यू.एस. सरळ वाचता येतं, म्हणजे फोटो उलटा नाही. दुसऱ्या बाजूला चकतीत शिरस्त्राणाची वळणदार रेघ. अथीना. नर्स गेली, ब्रिटिश गेली.

डाव्या दंडावर ढाल. खाली उभे पट्टे, वर गडद पट्टीत डावीकडे किरणांचा गोल आणि उजवीकडे तारा. गोल म्हणजे चीनचा सूर्य, तारा हिंदुस्थानचा, पट्टे अमेरिकेचे: चायना-बर्मा-इंडिया (सीबीआय) आघाडी. भिंगाखाली ढालीची कड जाड, फुगीर आणि जराशी वाकडी दिसते. कारखान्यातला बिल्ला इतका वाकडा नसतो. हे इथल्याच एखाद्या कारागिराचं हातकाम. या आघाडीचे बिल्ले इथे जरीत, कापडावर, चामड्यावर भरून घ्यायची अमेरिकनांना भारी हौस होती. पट्ट्या तीन, खाली टी. मनगटाजवळ आडव्या दोन, म्हणजे परदेशात निदान एक वर्ष. हवाई दलाकडे नेमलेल्या वॅक बायका कलकत्त्याला आल्या १९४४ मध्ये. ती त्यांतली असेल तर फोटो बहुधा १९४५ चा. आग्नेय आशियातल्या दोस्त फौजांचे प्रमुख माउंटबॅटन यांच्या मुख्यालयात, आधी दिल्लीला आणि मग श्रीलंकेत कँडीला, काम करणाऱ्याही वॅक होत्या, पण तिथली असती तर दंडावर त्या मुख्यालयाच्या खुणेची, फिनिक्स पक्ष्याची, अपेक्षा ठेवली असती.

इतकं वाचून झालं की कागदपत्रं शोधायची पाळी येते, आणि तिथे अमेरिकन सैन्याच्या बाबतीत एक अडचण आहे. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसच्या नोंदणी कार्यालयाला आग लागली. १९१२ ते १९६० या काळात मोकळे झालेल्या सैनिकांची सुमारे ८० टक्के कागदपत्रं त्यात गेली. वॅक बायकांचीही. कित्येक जणींबाबत फोटोतली कॉलर आणि बाही हाच पुरावा उरतो. म्हणून टिपण लिहिताना दोन रकाने करा: "दिसतं ते" आणि "मला वाटतं ते". पहिल्यात "चकती, शिरस्त्राण, डावी कॉलर", दुसऱ्यात "वॅक". नंतर चूक निघाली तर दुसरा रकाना खोडायचा, पहिला तसाच राहतो. फोटोच्या मागे शाई किंवा बॉलपेन अजिबात नको. मऊ पेन्सिल, तीही कडेला.

माझ्या पाकिटावरचं "ब्रिटिश नर्स" मी खोडलेलं नाही. त्याखाली नवीन ओळ लिहिली: "वॅक, टेक्निशियन फोर्थ ग्रेड, सीबीआय, बहुधा १९४५." नावाची जागा रिकामी आहे.